डिप्परची तार

सरकारने सिल्वासातल्या कारखान्यांना कर माफ केला, रस्ता मात्र होता तोच ठेवला. एकोणनव्वद साल उजाडेपर्यंत नरोलीच्या बाजूला पत्र्याच्या शेडी पावसाळ्यातल्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवल्या होत्या आणि त्यांच्या मधून एकच डांबरी पट्टी जात होती. तिच्यावर बैलगाड्या, यार्नने भरलेले टेम्पो, पाळी सुटून सायकलवर निघालेले कामगार आणि शुक्रवारपासून रविवारपर्यंत गुजरातेतून हवा खायला आलेल्या मोटारी. तिकडे दारूबंदी, इकडे नाही. त्यामुळे इकडची हवा तिकडच्या पाहुण्यांना फार मानवायची. परतताना ती डोक्यात जायची आणि मोटार कशावर तरी आदळायची.

या सगळ्या प्रगतीत ज्याची खरोखर भरभराट व्हायला हवी होती असा एकच माणूस होता. सुकदेव बागूल, ऑटो इलेक्ट्रिशियन. त्याची भरभराट काही झाली नाही, कारण त्याला एक वाईट सवय होती. तो बल्ब बदलून द्यायचा आणि जुना बल्ब फेकून द्यायच्या ऐवजी त्याच्याकडे बघत बसायचा.

सुकदेव शहाद्याकडचा. ब्याऐंशी साली एक पेटी, एक टेस्टर आणि कोंडाबाई नावाची बायको घेऊन आला. नरोली रस्त्याला पत्र्याची टपरी टाकली, बॅटऱ्या चार्ज करायचं मशीन आणलं, आणि लोणच्याच्या बरणीत मेलेले बल्ब जमवायला सुरुवात केली. गिऱ्हाईक घाईत असलं तरी हा घड्याळजीकडून आणलेली काच डोळ्याला लावून निकाल सांगायचा.

"हा म्हातारपणाने गेला. हा जास्त करंटने गेला. आणि हा बघा, हा झोपेत गेला."

"म्हंजे?"

"म्हंजे दिवा बंद असताना धक्का बसला. गार तार वाळक्या काडीसारखी मोडते. कट. टोक चकचकीत राहतं. पेटलेली तार मऊ असते, गुळाच्या पाकासारखी. धक्का बसला की ओढली जाते, वेटोळं सुटतं. आणि त्यात काच फुटली तर आत हवा शिरते, तार जळते, तिच्यावर पांढरी-पिवळी राख धरते. तो जागेपणी गेलेला."

"बरं. नवा कितीला?"

विद्वत्तेची कदर सिल्वासात इतपतच होती. घरी त्याहून कमी. कोंडाबाई म्हणायची, "लोकांच्या घरी बरणीत लोणचं असतं. आमच्या घरी मयत."

आता गोकुळ. गोकुळ हा कोंडाबाईचा धाकटा भाऊ आणि म्हणून सुकदेवचा मेव्हणा. त्याला सुकदेवनेच चिकटवला होता, धवलश्री यार्नमध्ये, टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून. त्या कारखान्याच्या अकरा टेम्पोंचं वायरिंग सुकदेवकडे होतं. टपरीची चूल त्यावरच पेटत होती. गोकुळ सरळ होता, निर्व्यसनी होता, पण बल्बच्या बाबतीत कंजूष. संधिप्रकाशात हेडलाइट लावायचा नाही. छोट्या दिव्यांवर चालवायचा. "बल्ब वाचतो ना दाजी, तुमचाच त्रास वाचतो." फुकट बल्ब मिळणाऱ्या माणसाने बल्ब वाचवावा, ही काटकसर सुकदेवच्या डोक्यात कधी शिरली नाही.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी, दिवेलागणीला, वळणावर एक पांढरी मोटार गोकुळच्या टेम्पोवर समोरून आली. टेम्पोचा उजवा दिवा इतका आत गेला की तो कुठे होता हेही सांगता येईना. डावा चेपला, काच फुटली. गोकुळचा हात मोडला. मोटारीतल्या एका पाहुण्याचा पाय मोडला. बाकीच्या तिघांचं काही मोडलं नाही, कारण ते आधीपासूनच सैल होते. त्यांनी जबाब दिला की आम्ही खानवेलची हिरवळ बघून परतत होतो, आणि टेम्पोला दिवे नव्हते, म्हणून तो दिसला नाही. हिरवळीचा वास सगळ्या रस्त्याला येत होता, पण वासाचा पंचनामा होत नाही. पंचनामा झाला, आणि विम्याच्या माणसाने बघेपर्यंत टेम्पो हलवू नका, असं सांगून तो कारखान्याच्या मागच्या आवारात ओढून ठेवला गेला.

शनिवारी सकाळी गोकुळ प्लास्टर गळ्यात अडकवून टपरीवर आला. चेहरा पडलेला.

"दाजी, ते म्हणतात दिवे बंद होते. बंद ठरले तर कोर्टात केस, लायसन जातं. कारखाना पण चौकशी करणार. नोकरी पण जाते."

"होते का?"

"काय?"

"बंद."

गोकुळने बहिणीकडे बघितलं. कोंडाबाई स्टोव्हला पंप मारत होती. तिने पंप मारायचं थांबवलं.

"चालू होते, दाजी. समोरून गाडी आली म्हणून मी डिप्पर पण दिला."

"तू? आणि संध्याकाळी सहा-सव्वासहाला हेडलाइट?"

"त्या दिवशी लावले होते. देवाशपथ."

"तुम्हले काय व्हयनं?" कोंडाबाई नवऱ्याला म्हणाली. "मना भाऊ शपथ घेतोय आणि तुम्ही त्याच्याकडे बल्बसारखे बघून राहिले."

सुकदेवचा मेव्हण्यावर विश्वास नव्हता असं नाही. पण माणसापेक्षा बल्बवर जास्त होता.

गोकुळ गेला, आणि अर्ध्या तासाने सायकलच्या कॅरियरला बॅटरी बांधून वाळू आला. वाळू हा धवलश्रीचा रखवालदार, सायलीजवळच्या पाड्यावरचा. बॅटरी खाली ठेवून तो आभाळाकडे बघत म्हणाला, "जरा चार्ज करा भाऊ. उद्या रविवार."

रविवार म्हटल्यावर पुढचं सांगायची गरज नव्हती. रविवारी सकाळी टीव्हीवर मालिका असायची. पाड्यावर वीज नव्हती, पण काळा-पांढरा टीव्ही होता आणि तो बॅटरीवर चालायचा. ठोकलेली गाडी आवारात उभी राहिली की तिची बॅटरी रविवारपुरती पाड्यावर जायची, हा त्या भागातला न लिहिलेला कायदा होता. त्यामागे शास्त्रही होतं: उभी बॅटरी मरते, वापरलेली टिकते. हे शास्त्र वाळूला सुकदेवनेच सांगितलं होतं.

सुकदेवने बॅटरी ओळखली. त्यानेच बसवलेली, गोकुळच्याच टेम्पोची. आता इथे एखाद्या शहाण्या माणसाने म्हटलं असतं की अरे वाळू, ही गाडी चौकशीतली आहे. सुकदेवने बॅटरीत पाणी घातलं, चिमटे लावले आणि नेहमीच्या शिस्तीप्रमाणे पांढऱ्या रंगाने तिच्या कुशीवर लिहिलं: शनि. चार्ज केलेली प्रत्येक बॅटरी तो अशी रंगवायचा, वाराने आणि तारखेने, कारण 'चार्ज केलीच नाही' म्हणणारी गिऱ्हाइकं सिल्वासात भरपूर होती.

रविवारी गावात वीज गेली. ती रविवारी जायचीच. मग सुकदेव, कोंडाबाई आणि गळ्यात प्लास्टर घातलेला गोकुळ, तिघंही वाळूच्या पाड्यावर गेले. आजारी माणूस म्हणून गोकुळला पुढे बसवला. स्वतःच्याच टेम्पोच्या बॅटरीवर त्याने सगळा भाग डोळे पुसत बघितला. कुठल्या खटल्यातला आरोपी पुराव्यासमोर इतका रमला नसेल.

सोमवारी सकाळी वाळू बॅटरी परत घेऊन आला. "उतरली. जशी नेली तशी भरून ठेवली पाहिजे ना." प्रामाणिक माणूस. सुकदेवने पुन्हा चिमटे लावले, कुशीवर 'शनि'च्या खाली 'सोम' लिहिलं, आणि संध्याकाळी वाळूने ती टेम्पोत ड्रायव्हरच्या सीटखाली होती तशी बसवून टाकली.

फक्त त्याच सोमवारी अकरा वाजता वापीहून विम्याचे सर्व्हेअर जयवंत सामंत येऊन गेले होते.

जयवंतसाहेबांची पँट पांढरी होती. चौकशीत पुढे जे जे झालं त्याचं मूळ त्या पँटीत होतं. त्यांनी टेम्पोला लांबून प्रदक्षिणा घातली, खिडकीतून हात आत घातला आणि दिव्याचा स्विच मारला. दिवा लागला नाही. हॉर्न दाबला. वाजला नाही. वायपर हलला नाही. सीट उचलून खाली बघायचं तर पँटीला तेल लागणार, म्हणून ते राहिलं. मग त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'वाहनाचे दिवे लागत नाहीत. हॉर्न वाजत नाही. सबब, अपघातसमयी दिवे बंद होते व वाहन नादुरुस्त अवस्थेत चालविले जात होते.'

मेलेला माणूस बोलत नाही, सबब तो जन्मापासून मुका होता. पण कागदावर शिक्का होता, आणि शिक्क्यापुढे तर्क मान घालतो.

बुधवारी कारखान्याची चौकशी बसली. आवारातच, गुलमोहराखाली, टेम्पोच्या शेजारी टेबल टाकलं. मागे रमाकांत मयेकर, कारखान्याचे पर्सोनेल ऑफिसर. मूळ मालवणचे, रागावले तरी आवाज न चढवणारे. शेजारी जयवंतसाहेब, आज राखाडी पँटीत. गोकुळ उभा. त्याने हट्टच धरला होता की माझ्या दाजींना बल्ब बघू द्या, मग काय ते करा. वाळू चहाचा ट्रे घेऊन मागे.

"तुम्ही या ड्रायव्हरचे कोण?" जयवंतसाहेबांनी सुकदेवला विचारलं.

"मेव्हण्याचं नातं आहे."

"म्हणजे नातेवाईक."

"त्याचा. बल्बचा मी कोणी नाही."

रमाकांत मिशीत हसले. "बघू दे त्याला. बघण्याने काय जातं?"

सुकदेव वाकला. चेपलेल्या दिव्याच्या वाटीत बोटं घातली आणि बल्ब असा काढला जसा कोणी पक्ष्याचं पिल्लू काढतं. काच नव्हती. फक्त बूड आणि दोन तारा. त्याने घड्याळजीची काच डोळ्याला लावली.

वरची तार, लांबच्या उजेडाची, धड होती. वेटोळं नीट, चकचकीत. झोपलेली. खालची, डिप्परची, वेडीवाकडी ओढलेली, आणि तिच्यावर पिवळट पांढरी राख.

गोकुळने दिवे लावले होते. इतकंच नाही, समोरून येणाऱ्या पाहुण्यांच्या डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून डिप्पर दिला होता. त्या पाहुण्यांनीच त्याला आंधळा ठरवला होता. आणि सुकदेवने चार दिवस मनातल्या मनात मेव्हण्याला खोटारडा ठरवला होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

"चालू होता," तो म्हणाला. "डिप्परवर. साहेब, बघा." आणि त्याने पाक, काडी, राख, सगळं एका दमात सांगितलं. बरणीसमोर सात वर्षं केलेली तालीम होती ती.

रमाकांतांनी काच डोळ्याला लावली. "मला नुसतं पांढरं दिसतंय. पण दिसतंय खरं."

गोकुळच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. तेवढ्यात जयवंतसाहेब खाकरले.

"एक मिनिट. काच फुटलेल्या बल्बला करंट दिला की तार जळून पांढरी होते, असं तुमचं म्हणणं?"

"होय."

"मग सोमवारी मी स्विच मारला होता. काच तेव्हा फुटलेलीच होती. तार तेव्हा जळली असणार. उन्हात मला दिसलं नाही. म्हणजे हा पांढरेपणा अपघाताचा नाही. माझा आहे."

मुद्दा बरोबर होता. असं खरंच होतं. मूर्ख माणूस एखाद्या वेळी बरोबर बोलतो ना, तेव्हा त्याला उत्तर द्यायला फार जड जातं.

"पण तार ओढलीय साहेब. स्विचने तार ओढली जात नाही."

"गाडी आदळली. ओढली जाणारच."

"गार तार ओढली जात नाही, मोडते."

"हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

सुकदेवच्या बरणीत लिहिलं होतं. पण लोणच्याची बरणी कोर्टात चालत नाही. रमाकांतांनी हळहळत पेनाचं टोपण काढलं. "मग सर्व्हेअरसाहेबांचा रिपोर्ट आहे तोच धरायला लागेल, बागूल. दिवे लागत नाहीत, हॉर्न वाजत नाही—"

"काय म्हणालात?"

"हॉर्न वाजत नाही. लिहिलंय यांनी."

सुकदेवने वर बघितलं. आणि नेमकं त्याच वेळी मागे ट्रेमधल्या कपबशा किणकिणल्या. वाळूलाही कळलं होतं.

सोमवारी अकरा वाजता हॉर्न कसा वाजेल? सीटखाली बॅटरीच नव्हती. ती सुकदेवच्या टपरीवर होती, चिमट्यांत. मग जयवंतसाहेबांच्या स्विचने डासाचा पंख तापला नसता, तार कुठून जळणार? म्हणजे राख शुक्रवारचीच. गोकुळ सुटला.

फक्त त्यासाठी मोठ्याने सांगायला हवं होतं की चौकशीतल्या गाडीची बॅटरी आम्ही टीव्हीला लावली. ते सांगितलं की अकरा टेम्पोंचं काम गेलं, नाव गेलं, 'बॅटरीचोर बागूल' असं नवं नाव मिळालं, आणि वाळूची नोकरी गेली. वाळूकडे बघायची त्याला हिंमत होईना. त्याने गोकुळकडे बघितलं. गोकुळ खाली बघत प्लास्टरचा दोरा ओढत होता. गोकुळला काहीच कळलं नव्हतं. रविवारी त्याने मालिका बघितली होती, बॅटरी नाही.

"साहेब," सुकदेव म्हणाला, "आत्ता हॉर्न दाबून बघा."

"कशाला?"

"दाबा तर."

जयवंतसाहेबांनी खिडकीतून हात घातला आणि कीव केल्यासारखा हॉर्न दाबला.

दोनदा चार्ज केलेली बॅटरी होती ती. टेम्पो असा ओरडला की गुलमोहरावरचे पोपट उडाले, विणकाम खात्याच्या खिडकीतून माणसं डोकावली आणि रमाकांतांच्या पेनाने कागदावर लांब रेघ मारली.

"हा तर वाजतोय," रमाकांत म्हणाले. त्यांनी जयवंतसाहेबांकडे बघितलं. "सोमवारी मेलेली गाडी बुधवारी जिवंत कशी झाली हो?"

"ते... लूज कनेक्शन..."

"लूज नाही," सुकदेव म्हणाला. "सोमवारी अकराला हिच्यात बॅटरीच नव्हती. माझ्या दुकानात होती. सीट उचला, कुशीवर वार-तारीख लिहिलीय मी."

सीट उचलली. पांढऱ्या रंगात, ठसठशीत: शनि. सोम. खाली तारखा. जयवंतसाहेबांनी बोट लावून बघितलं. बोटाला तेल लागलं.

"तुम्ही सीट उचलली असती तर सोमवारीच कळलं असतं," सुकदेव म्हणाला. टोमणा मारायचा नव्हता, पण आता सगळंच बाहेर येत होतं.

"म्हणजे तुम्ही पुराव्यातली बॅटरी पळवल्याचं कबूल करताय?"

"चार्ज केल्याचं करतोय."

"तुमच्या दुकानात ती चालत आली का?"

बल्बच्या बाबतीत सुकदेवला कुणाचीच भीड नव्हती; पण माणूस दाखवून द्यायचं म्हणजे वेगळं होतं. तो म्हणाला, "आली असंल."

ट्रे टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. "मी नेली होती," वाळू म्हणाला. "टीव्हीला. परत ठेवली. भरून." मग शांतपणे, "सगळ्यांनी बघितलं. ह्या गोकुळनी पण."

गोकुळने मान वर केली आणि तोंड उघडं ठेवून आधी बॅटरीकडे, मग वाळूकडे, मग दाजीकडे बघितलं.

रमाकांत बराच वेळ लिहीत राहिले. जयवंतसाहेबांनी स्वतःचा रिपोर्ट मागून घेतला आणि 'सबब' खोडून तिथे 'तथापि' लिहिलं. सुधारित मत असं पडलं: 'अपघातसमयी दिवे चालू असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' माणूस खरं बोलत होता, हे सरकारी मराठीत असं सांगतात. पण तेवढं पुरलं. केस उभी राहिली नाही, लायसन राहिलं, आणि प्लास्टर निघालं तसा गोकुळ टेम्पोवर परत बसला.

वाळूला मेमो आणि तीन दिवस घरी. तिसरा दिवस रविवार होता. सुकदेवचं अकरा टेम्पोंचं काम मात्र गेलं. ते वापीच्या एका मोठ्या दुकानाला मिळालं, जिथे बिल छापील होतं. निघताना रमाकांतांनी त्याला फाटकाशी थांबवलं, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"बागूल, रविवारी आमच्याकडे वीज नव्हती रे. शेवटी काय झालं मालिकेत?"

सुकदेवने सांगितलं. उभ्या उभ्या, सगळा भाग.

घरी कोंडाबाईला काम गेल्याचं कळलं. ती उठली. लोणच्याची बरणी फळीवरून खाली घेतली, मेलेले बल्ब सुपात ओतले, आणि तो बिनकाचेचा बल्ब एकटा ठेवायला पदराने बरणी पुसायला लागली.

"आते ह्याला वेगळी बाटली पाहिजे," ती म्हणाली. "हा आपल्या घरचा शे."

पुढे पाच-सहा वर्षांत रस्ता रुंद झाला, पाड्यावर वीज आली, हॅलोजन आले. सुकदेव टपरीतच राहिला. वापीहून अधूनमधून काडेपेटी यायची, आत कापसात गुंडाळलेला बल्ब, आणि मोत्यासारख्या अक्षरात चिठ्ठी: 'कृपया पाहावे. ज. सामंत.' सुकदेव काच डोळ्याला लावायचा आणि चिठ्ठीच्या मागे एकच शब्द लिहून पाठवायचा: जागा, किंवा झोपलेला. त्यातून जयवंतसाहेब फार नावाजलेले सर्व्हेअर झाले म्हणतात.

आणि गोकुळ सुधारला. इतका सुधारला की भर दुपारी बाराला, रस्त्यावर ऊन मावत नसताना, त्याचा टेम्पो दोन्ही हेडलाइट पेटवून टपरीसमोरून जायचा, समोरून बैलगाडी आली तरी डिप्पर द्यायचा आणि दर महिन्याला नवे बल्ब मागायला यायचा. फुकट.

"अरे, ऊन आहे," सुकदेव म्हणायचा.

"असू द्या दाजी. तुमचा काय भरवसा, उद्या पुन्हा शपथ घ्यायला लावाल."

सुकदेव डबा उघडायचा आणि दोन नवे बल्ब काढून द्यायचा.